समुद्रगाईचा किनारा : बेरिंग बेटावरचे चार ऋतू (१७४१-४२)

१/
पृथ्वीवर आठ-नऊ मीटर लांबीचा, हत्तीहून जड असा एक शाकाहारी सागरी प्राणी होऊन गेला. त्याला जिवंत पाहून त्याचे सविस्तर शास्त्रीय वर्णन लिहिणारा निसर्गअभ्यासक इतिहासात एकच झाला. हे वर्णन त्याने जहाज फुटून एका निर्जन बेटावर अडकलेला असताना, भुकेने आणि रोगाने माणसे मरत असताना लिहिले. त्यानंतर अवघ्या २६-२७ वर्षांत तो प्राणी नामशेष झाला. त्या अभ्यासकाची, त्या बेटाची आणि तेथील चार ऋतूंची ही कथा.

२/
गेओर्ग विल्हेल्म स्टेलर. जन्म १७०९, जर्मनीतील विंड्सहाइम या गावी. वडील चर्चमधील गायनप्रमुख. मुलाने धर्मोपदेशक व्हावे या अपेक्षेने त्याला विटेनबर्गला धर्मशास्त्र शिकण्यासाठी धाडण्यात आले. पण त्याचे मन वनस्पतिशास्त्र आणि वैद्यकाकडे वळले. पुढे हाले येथे त्याने या विषयांचा अभ्यास केला. जर्मनीत मनाजोगे पद मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा १७३४ मध्ये रशियन सैन्याच्या जखमी सैनिकांसोबत वैद्य म्हणून तो सेंट पीटर्सबर्गला पोहोचला.

३/
त्या काळी रशियात एक प्रचंड मोहीम चालू होती. सैबेरियाचा उत्तर किनारा मोजणे, कामचात्काच्या पलीकडे अमेरिकेचा किनारा शोधणे आणि वाटेतील लोक, प्राणी, वनस्पती व खनिजे यांची नोंद करणे, अशी तिची अवाढव्य उद्दिष्टे होती. नेतृत्व डॅनिश वंशाचा रशियन नौदल अधिकारी व्हिटस बेरिंग याच्याकडे होते. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने स्टेलरला या मोहिमेत घेतले. सैबेरिया ओलांडून तो १७४० मध्ये कामचात्काला आला.

४/
जून १७४१ मध्ये 'सेंट पीटर' आणि 'सेंट पॉल' ही दोन जहाजे आवाचा उपसागरातून निघाली. (या लेखातील तारखा तत्कालीन रशियन कालगणनेच्या आहेत, आजच्या कालगणनेत त्या ११ दिवसांनी पुढे जातात.) थोड्याच दिवसांत धुके आणि वादळ यांत दोन्ही जहाजांची ताटातूट झाली, ती कायमची. बेरिंग आणि स्टेलर 'सेंट पीटर'वर होते. जहाजावर सुमारे ७७ माणसे होती.

५/
जुलैच्या मध्यात अलास्काची हिमाच्छादित शिखरे दिसली. २० जुलैला जहाज आजच्या कायाक बेटापाशी थांबले, ते केवळ पिण्याचे पाणी भरण्यासाठी. स्टेलरला किनाऱ्यावर उतरू द्यायचीही अधिकाऱ्यांची तयारी नव्हती. भांडून त्याने परवानगी मिळवली. हाती आले सुमारे दहा तास. दहा वर्षांची तयारी आणि संशोधनाला दहा तास, असा उपरोध त्याने रोजनिशीत नोंदवून ठेवला आहे. त्या दहा तासांत त्याने वनस्पती गोळा केल्या, आणि त्याच्या मदतनिसाने मारून आणलेला एक निळा तुरेवाला पक्षी पाहिला.

६/
उत्तर अमेरिकेतील अशाच एका पक्ष्याचे रंगीत चित्र त्याने पूर्वी मार्क केट्सबी या इंग्रज अभ्यासकाच्या ग्रंथात पाहिले होते. आशिया किंवा युरोपात असा पक्षी नाही हे त्याला ठाऊक होते. त्या एका पिसाऱ्यावरून त्याने निष्कर्ष काढला की आपण अमेरिकेतच आहोत. तो पक्षी आज 'स्टेलर्स जे' या नावाने ओळखला जातो. होकायंत्र आणि नकाशे यांनी जे खात्रीने सांगता येत नव्हते, ते एका पक्ष्याने सांगितले. ही पद्धत पुढे पुन्हा कामी येणार होती.

७/
परतीचा प्रवास भीषण ठरला. ताज्या अन्नाच्या अभावी स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजून काळ्या पडत, दात हलू लागत, सांधे आखडत आणि माणूस अंथरुणाला खिळे. स्कर्व्हीचे कारण 'क' जीवनसत्त्वाचा अभाव आहे, हे कळायला अजून जवळजवळ दोन शतके होती; पण ताज्या वनस्पतींनी हा रोग हटतो, हे स्थानिकांच्या अनुभवातून स्टेलरला माहीत होते. ऑगस्टअखेर शुमागिन बेटांवर त्याने औषधी पाला आणि फळे गोळा करण्यासाठी माणसे मागितली. ती मिळाली नाहीत. तेथेच भरलेले पाणीही मचूळ निघाले.

८/
शरद ऋतू. नोव्हेंबर १७४१ च्या आरंभी जमीन दिसली. शिडे चालवण्यापुरतीही धडधाकट माणसे उरली नव्हती. हेच कामचात्का, अशी अधिकाऱ्यांची समजूत झाली आणि जहाज किनाऱ्याला लावण्यात आले. स्टेलरला मात्र शंका आली. किनाऱ्यावरची समुद्री पाणमांजरे माणसाला मुळीच भीत नव्हती. कोल्हे थेट पायांशी येत होते. माणसाला न घाबरणारे प्राणी म्हणजे माणूस न पाहिलेले प्राणी. शिवाय भरतीच्या पाण्यात उलट्या होड्यांसारख्या पाठी तरंगताना दिसत होत्या. तसा प्राणी कामचात्काच्या किनाऱ्यावर कोणी पाहिला नव्हता.

९/
त्याचा तर्क खरा ठरला. ते कामचात्का नव्हते. मुख्य भूमीपासून पावणेदोनशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला असलेले एक वृक्षहीन, वाऱ्याने झोडपलेले बेट होते. आज त्याला बेरिंग बेट म्हणतात आणि त्या द्वीपसमूहाला कमांडर बेटे. नोव्हेंबरच्या अखेरीस वादळाने 'सेंट पीटर' किनाऱ्यावर आणून आदळले. परतीची वाट बंद झाली.

१०/
हिवाळा. वाचलेल्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांवर वाहून आलेली लाकडे आणि फाटकी शिडे पसरली. बेटावरचे ध्रुवीय कोल्हे टोळ्यांनी येत. ते अन्न पळवत, चामड्याच्या वस्तू चोरत आणि पुरण्याआधीच प्रेतांचे लचके तोडत. आजाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. ८ डिसेंबरला बेरिंगचा मृत्यू झाला. खड्ड्याच्या कडेची वाळू ओघळून त्याचे अर्धे शरीर झाकले गेले होते. तिची ऊब मिळते म्हणून ती काढू नका, असे तो सांगत असे.

११/
या हिवाळ्यात माणसांना तारले ते समुद्री पाणमांजरांनी. त्यांचे मांस चिवट होते, पण ताजे होते. स्टेलरने शिकारीच्या जोडीने निरीक्षणही चालू ठेवले. आई पिलाला छातीवर घेऊन पाण्यावर उताणी तरंगते, त्याला हवेत उडवून झेलते, संकटात स्वतःचा जीव धोक्यात घालूनही त्याला सोडत नाही. पिलू हिरावले गेले तर आई लहान मुलासारखी रडते. हे त्याने मारेकऱ्यांच्या टोळीतला एक म्हणूनच पाहिले आणि तसेच लिहिले.

१२/
मग या कथेला एक अशुभ वळण लागले. पाणमांजराच्या दाट, मऊ कातड्याला चीनच्या बाजारात मोठी किंमत येते, हे खलाशांना ठाऊक होते. रिकामपणात जुगार सुरू झाला आणि पणाला लागू लागली ती कातडी. आता प्राणी मारले जाऊ लागले ते केवळ कातड्यांसाठी. मांस तिथेच टाकून दिले जाई. परिणाम काही महिन्यांतच दिसला. नोव्हेंबरमध्ये वस्तीजवळ सापडणारी पाणमांजरे वसंतापर्यंत इतकी दूर गेली की शिकाऱ्यांना बेट ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर जावे लागे. स्टेलरने ही बेफिकिरी संतापाने नोंदवली आहे.

१३/
वसंत. बर्फ वितळले आणि जमिनीतून पहिले हिरवे कोंब आले. स्टेलरने कंदमुळे आणि पाला गोळा करून सर्वांना खायला लावला. अधिकारी आता त्याचे ऐकू लागले होते. स्कर्व्ही ओसरला, मृत्यू थांबले. एप्रिलमध्ये निर्णय झाला की जुने जहाज मोडून त्याच्या लाकडातून लहान गलबत बांधायचे. जहाजावरचे सुतार मरण पावले होते. साव्वा स्तारोदुब्त्सेव नावाच्या सैबेरियन कोसॅकने पूर्वी जहाजबांधणीच्या कामावर मजुरी केली होती. त्याने हे काम अंगावर घेतले.

१४/
याच सुमारास समुद्राने आपले वेळापत्रक उघड केले. दक्षिणेकडून फर सील येऊ लागले. प्रौढ नर किनाऱ्यावर आपापली जागा बळकावत, मग माद्या येत, पिले जन्मत. एकेका नराभोवती आठपासून पन्नासपर्यंत माद्या असत. जागेसाठी नरांच्या रक्तबंबाळ झुंजी होत. या काळात नर काहीच खात नाहीत, हेही स्टेलरने पोटे फाडून तपासले. त्यांच्या वसाहतीच्या मधोमध त्याने एक खोपी उभारली आणि सहा दिवस तेथे बसून तो त्यांच्या हालचाली टिपत राहिला.

१५/
आज हे सामान्य वाटेल. १७४२ मध्ये नव्हते. त्या काळात प्राणिशास्त्र मुख्यत्वे कातडी, हाडे आणि प्रवाशांच्या ऐकीव गोष्टी यांवर चाले. जिवंत प्राण्यांच्या कळपात मुक्काम ठोकून, कोण कधी येतो, कोण कोणाशी भांडतो, पिलाला कोण सांभाळते, याची दिवसागणिक नोंद करणे ही रीत रुळायला पुढे फार काळ जावा लागला. स्टेलरकडे मोठा लवाजमा नव्हता. त्याच्याकडे होता तो फक्त अटळ मुक्काम.

१६/
उन्हाळा. गलबत बांधणाऱ्यांना जवळपास, पुरेसे अन्न हवे होते. पाणमांजरे दूर गेली होती. म्हणून नजर वळली ती किनाऱ्यालगत रोज चरणाऱ्या त्या महाकाय प्राण्यांकडे. मे महिन्यातला पहिला प्रयत्न फसला. लोखंडी आकडा कातडीत नीट रुतेना. जूनअखेर युक्ती साधली. होडीतून दोर बांधलेला हार्पून मारायचा आणि दोराचे दुसरे टोक धरून किनाऱ्यावरच्या तीस-चाळीस माणसांनी प्राण्याला ओढून आणायचे. एका प्राण्याचे मांस सगळ्या वस्तीला कित्येक दिवस पुरे. चव गोमांसासारखी आणि चरबी बदामाच्या तेलासारखी गोड, असे स्टेलर लिहितो.

१७/
त्याने या प्राण्याला 'समुद्रगाय' म्हटले. १२ जुलै १७४२ रोजी त्याने एका मादीचे विच्छेदन केले. लांबी सुमारे साडेसात मीटर. हृदयाचे वजन ३६ पौंडांहून अधिक. जठर सहा फूट लांब. त्वचा जुन्या ओकच्या सालीसारखी काळी, खडबडीत आणि सुमारे एक इंच जाड. तोंडात दात नाहीत. शैवाल चिरडण्यासाठी दोन कठीण पट्ट्या. पुढच्या पायांत बोटांची हाडे नाहीत. मदतीला आलेले खलाशी तंबाखूच्या मोबदल्यात काम करत आणि कंटाळून अवयव फाडून टाकत. कोल्हे तर त्याच्या डोळ्यांदेखत कागद आणि दौत पळवत.

१८/
पण मोजमापांहून मोलाची ठरली ती जगण्याची नोंद. भरतीबरोबर समुद्रगाई इतक्या जवळ येत की स्टेलरने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. डोके पाण्याखाली ठेवून त्या केल्प नावाचे मोठे शैवाल चरत आणि दर चार-पाच मिनिटांनी नाक वर काढून घोड्यासारख्या फुरफुरत. पाठीवर समुद्रपक्षी बसून किडे टिपत. पिले कळपाच्या मध्यभागी असत. हिवाळ्यात त्या इतक्या रोडावत की बरगड्या आणि मणके दिसत. उन्हाळ्यात पुन्हा भरत. जूनमध्ये समागम, बहुतेक पिले शरदात. वर्षभर त्याच किनाऱ्यावर राहिल्याशिवाय हे कोणालाही कळले नसते.

१९/
त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. एखादीला हार्पून लागला की इतर तिच्याभोवती गोळा होत. कोणी दोरावर अंग टाकून तो तोडू पाहत, कोणी शेपटीच्या फटकाऱ्याने हार्पून काढू पाहत. मारलेल्या एका मादीचा नर दोन दिवस लागोपाठ किनाऱ्यापाशी येत राहिला, जिथे ती पडली होती तिथे. पळून जाणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या या एकनिष्ठेमुळेच त्यांची शिकार सोपी होत होती, हे स्टेलरच्या वर्णनातून आपोआप उघड होते.

२०/
१३ ऑगस्ट १७४२ रोजी नवे गलबत निघाले. कणा अवघा ३६ फुटांचा आणि प्रवासी ४६. स्टेलरने जमवलेले सांगाडे आणि कातडी यांना जागा मिळाली नाही. समुद्रगाईच्या तोंडातल्या कठीण पट्ट्या आणि हस्तलिखिते एवढेच त्याला नेता आले. खलाशांनी नेली ती शेकडो पाणमांजरांची कातडी. आठवड्या-दोन आठवड्यांत गलबत आवाचा उपसागरात पोहोचले. तिथे सर्वांना मृत समजून त्यांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावली गेली होती.

२१/
त्या एका गलबतातून दोन प्रकारचे ज्ञान मुख्य भूमीवर आले. एक वहीतले, दुसरे गाठोड्यातले. वहीतल्याला छापून यायला नऊ वर्षे लागली. गाठोड्यातले एका वर्षात कामाला लागले : १७४३ मध्येच फरचे व्यापारी कमांडर बेटांकडे निघाले. पुढच्या काळात एकामागून एक टोळ्या तिथे हिवाळा काढू लागल्या आणि अल्यूशियन बेटांकडे जाण्यापूर्वी समुद्रगाईच्या मांसाची बेगमी करू लागल्या. लहान टोळ्यांना तो अवाढव्य देह ओढून आणता येत नसे. जखमी झालेल्या कितीतरी समुद्रगाई खोल पाण्यात जाऊन मरत आणि वाया जात.

२२/
धोका कोणाच्याच लक्षात आला नाही, असे मात्र नाही. प्योत्र याकोवलेव हा खाणतज्ज्ञ शेजारच्या मेदनी बेटावर गेला, तेव्हा तेथील समुद्रगाई संपल्याचे त्याला आढळले. १७५५ मध्ये त्याने कामचात्काच्या अधिकाऱ्यांकडे बेरिंग बेटावरची शिकार थांबवण्याची मागणी केली. तिच्यावर काहीही झाले नाही. प्रचलित नोंदीनुसार शेवटची समुद्रगाय १७६८ मध्ये मारली गेली. या प्राण्याला शास्त्रीय द्विनाम मिळाले ते १७८० मध्ये, म्हणजे तो संपल्यानंतर बारा वर्षांनी.

२३/
स्टेलरला यातले काहीच पाहावे लागले नाही. कामचात्कात राहून त्याने इतेलमेन लोकांच्या जीवनाचा अभ्यास केला. कैदेतील काही स्थानिकांना सोडून दिल्यावरून त्याच्यावर आरोप झाले आणि परतीच्या प्रवासात अटकही झाली. नोव्हेंबर १७४६ मध्ये त्यूमेन येथे तापाने त्याचा मृत्यू झाला. वय ३७. सागरी प्राण्यांवरचा त्याचा लॅटिन प्रबंध अकादमीने १७५१ मध्ये छापला. समुद्रगाई इतक्या आहेत की साऱ्या कामचात्काला पुरतील, असा अंदाज याच माणसाने रोजनिशीत लिहून ठेवला होता.

२४/
तो अंदाज चुकला, कारण एका किनाऱ्यावरची गर्दी म्हणजे अगणित संख्या नव्हे. १८८२-८३ मध्ये लेओनहार्ड स्टेजनेगर या अभ्यासकाने बेरिंग बेटावर राहून हिशेब मांडला : स्टेलरच्या वेळी तिथे समुद्रगाई १,५०० हूनही कमी असाव्यात. जीवाश्मांवरून दिसते की हा प्राणी कधीकाळी जपानपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यांवर होता. स्टेलरने पाहिला तो त्या विस्तीर्ण साम्राज्याचा शेवटचा, निर्मनुष्य म्हणूनच टिकलेला कोपरा होता.

२५/
आधुनिक संशोधकांनी आणखी एक दुवा सुचवला आहे. पाणमांजरे सी अर्चिन खातात. सी अर्चिन केल्प खातात. समुद्रगाईचा चारा म्हणजे केल्प. पाणमांजरे संपली की सी अर्चिन वाढतात आणि केल्पची वने ओस पडतात. म्हणजे हार्पून लागला नसता तरी फरच्या व्यापाराने समुद्रगाईचे कुरण हिरावले असते, अशी ही मांडणी आहे. १७४१ च्या हिवाळ्यात जुगारात लागलेली कातडी आणि १७६८ चा शेवट यांचा संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा असू शकतो.

२६/
पाणमांजरे आणि फर सील थोडक्यात वाचले. १९११ मध्ये रशिया, अमेरिका, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून त्यांच्या सागरी शिकारीवर निर्बंध घातले. फर सील आजही दर वसंतात कमांडर बेटांवर येतात, त्याच क्रमाने : आधी नर, मग माद्या, मग पिले. स्टेलरने खोपीत बसून लिहिलेले वेळापत्रक आजच्या अभ्यासकाला पडताळून पाहता येते. समुद्रगाईची पाने मात्र पडताळता येत नाहीत. तिच्या ऋतुचक्राविषयी जे काही ज्ञात आहे, ते जवळजवळ सगळे त्या एका वर्षाच्या नोंदीवर उभे आहे.

२७/
समुद्रगाईचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग आहे ड्युगाँग. तो भारताच्या किनाऱ्यावरही राहतो : मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, कच्छचे आखात आणि अंदमान-निकोबार. तोही संथ, शाकाहारी आणि उथळ किनाऱ्याशी बांधलेला. चरतो तो समुद्री गवतावर. २०२२ मध्ये तामिळनाडूने पाल्कच्या उपसागरात त्याच्यासाठी देशातील पहिले राखीव क्षेत्र जाहीर केले. याकोवलेवने १७५५ मध्ये जे मागितले होते, ते याच स्वरूपाचे होते : हा किनारा, हा प्राणी, येथे शिकार नको. त्याच्या अर्जावर वेळेत सही झाली असती, तर कदाचित स्टेलरचा प्रबंध आज मृत्युलेखासारखा वाचावा लागला नसता.

(समाप्त)